चारमिनारच्या रुपयावरचा टॅक्स

गेवराई, ९ ऑक्टोबर २०२५

फुफी, सलाम.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम टाकलं नाही. गेवराईचं नाव दिसलं की तुम्ही न फोडताच ठेवून द्याल, अशी भीती वाटली. मी लुबना. तुमच्या भावाची, रहमतुल्लाची थोरली. तुम्ही इथून गेलात तेव्हा मी सातवीत होते आणि माझ्या दोन वेण्या तुम्हीच घालायचात. आता मी बी.कॉम. झालेय आणि वेणी एकच आहे.

तुम्हाला मी दोनदा फोनही केला होता. तुम्ही "कोण?" विचारलंत, मी "गेवराईहून" म्हणाले आणि फोन बंद झाला. म्हणून पत्र. मराठीत लिहितेय, कारण उर्दू मला वाचता येते पण लिहायला बसले की अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. आणि तुम्हीही झेडपीच्याच शाळेत शिकलात, असं अम्मी सांगते.

आता थेट मुद्द्यावर येते, नाहीतर चार पानं अशीच जातील. फुफी, मला तुमचा गाळा पाहिजे. थांबा, कागद खाली ठेवू नका! गाळा तुमचाच राहील. मला फक्त तुमची सही पाहिजे, की माझ्या गाळ्यात लुबनानं धंदा करायला माझी हरकत नाही. सोबत गाळ्याचं लाइट बिल लागतं. ते अजून तुमच्याच नावानं येतं आणि अब्बा कुणाला न सांगता भरून टाकतात.

धंदा कशाचा, तर नाण्यांचा! हसू नका. पास झाल्यावर मी इथल्या एका सराफाकडे काउंटरला होते. एकदा मोडीत आलेले चांदीचे रुपये तराजूत पडले. निजामाचे. एका बाजूला चारमिनार, आणि त्याच्या मधल्या कमानीत एकच अक्षर, ऐन. उस्मान या नावातलं पहिलं अक्षर. मक्तबमध्ये छड्या खाऊन शिकलेली उर्दू पहिल्यांदा कामाला आली! मी मोठ्यानं साल वाचलं, तेराशे चौसष्ट हिजरी. शेठ म्हणाले, "साल बघून काय करती, मुशीत गेल्यावर सगळी चांदी सारखीच." मी म्हणाले, हा एक मला द्या, पगारातून कापा. तो मुशीतून वाचला.

मग मोबाइलवर एका साइटला टाकला. फोटोसाठी अम्मीचा काळा दुपट्टा अंथरला होता. नाशिकच्या कुणीतरी तो घेतला, आणि नुसता घेतला नाही, वर लिहिलं की इतका न घासलेला रुपया फार दिवसांनी पाहिला. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही फुफी. मी आता नुसता आवाज ऐकून चांदीचा रुपया ओळखते. आठवडी बाजारात म्हाताऱ्या बाया मला शोधत येतात. परवा चकलांब्याच्या साखराबाई आल्या, कमरेच्या पिशवीतून एक रुपया काढला आणि म्हणाल्या, "सराफ वजनाचं देतो, तू चेहऱ्याचं देती म्हणं." चेहऱ्याचं! म्हणजे छाप आणि साल बघून! मला इतका आनंद झाला की भाव करायचं विसरूनच गेले.

आता खरी बातमी. कोचीचे एक गृहस्थ आहेत. त्यांना तेराशे एकसष्ट ते पासष्ट अशा पाच सालांचे पाच रुपये एकत्र पाहिजेत, आणि त्यातला एकही चिंच लावून चमकवलेला नको. चार माझ्याकडे होते. पाचवा मी जयपूरच्या एका व्यापाऱ्याकडून त्याच साइटवरून मागवला. तो आला तेव्हा बिलावर टॅक्स लावलेला होता. अब्बांनी ते बिल उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "पैशावर पैसे भरायचे का गं? निजाम गेला, त्याचा रुपया बंद झाला, टॅक्स कसा काय चालू हाय?"

उत्तर मिळालं वर्षाराणी मॅडमकडे. त्या तहसीलसमोर जीएसटीची कामं करतात. त्या म्हणाल्या, नाणं चलनात असेल तोवर तो पैसा. चलनातून गेलं आणि कुणी हौसेनं विकत घेतलं की तो माल. मालाला टॅक्स आलाच. गेल्या महिन्यापर्यंत बारा टक्के होता, आता पाच झालाय, म्हणजे माझं नशीब बघा! आणि जुनं घेऊन विकताना तो माझ्या नफ्याच्या भागावर बसेल, पूर्ण किमतीवर नाही. शंभर वर्षांच्या वरचं नाणं मात्र धरायचं नाही, त्याचा परवाना वेगळा असतो. माझे पाचही रुपये त्याच्या आतले आहेत.

अडलंय एकाच ठिकाणी. साइटवरून राज्याबाहेर विकायचं तर जीएसटी नंबर लागतोच. आणि नंबरला जागा लागते. घर चाललं असतं, पण घराचं बिल अजून दादांच्या, तुमच्या वडिलांच्या नावावर आहे, ते बदलायला अब्बांना वेळ नाही. म्हणून तुमचा गाळा. कोचीचे गृहस्थ नोव्हेंबर संपेपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यांना दुसरीकडूनही असाच सेट मिळतोय.

सहीचा कागद सोबत टाकलाय. नाही म्हणायचं असेल तर तेही लिहून कळवा, पण कळवा.

तुमची भाची,
लुबना

सिरसाळा, १८ ऑक्टोबर २०२५

लुबना,

तुजं पत्र मिळालं. दोन वेळा वाचलं.

जीएसटी मला शिकवू नको. माजं ताडपत्रीचं अन् पोत्यांचं दुकान हाय, जीएसटी आला त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी नंबर काढलाय. ताडपत्रीला किती, सुतळीला किती, मला तोंडपाठ हाय. आडतीवरचे व्यापारी आधी वळून सुद्धा बघत नव्हते. नंबर आला, पक्कं बिल द्यायला लागले, मग यायला लागले. त्यामुळं तुला नंबर कावून पायजे, ते मला सांगायची गरज न्हाई.

पण तू खोटं लिहिलंस. घराचं लाइट बिल रहमतच्या नावावर कवाच झालंय. वडील गेले त्याच वर्षी मीच त्याच्यासंगं कागद घिऊन गेलते. तू बापाला विचारलेलंच न्हाई. अर्धं पत्र वाचलं तवाच मला समजलं. घरात कुणाला न सांगता नंबर काढायचा, पार्सलं मागच्या दारानं पाठवायची, असं तुज्या डोक्यात हाय.

तसं होत न्हाई बाई. नंबर आला की दारावर पाटी लावावी लागती, नाव अन् नंबर दिसला पायजे. त्याच्या आधी साहेब जागा बघायला यील, फोटो काढील, शेजाऱ्याला इचारील. चोरून करायचा हा धंदाच न्हाई. मला त्याच्यातलं तेच आवडलं होतं.

तुला कुणी सांगितलं असंल का न्हाई माहीत न्हाई, म्हणून सांगते. तुजे फुफा वारल्यावर मी माहेरी आले तवा वडलांनी तो गाळा माज्या नावावर केला. मला तिथं शिलाईच्या दोन मशिनी टाकायच्या होत्या. वडील गेले अन् रहमतनं गाळ्यात टायर भरले. म्हणला, बाई हायवेवर दुकान टाकून बसली तर लोक काय म्हणतील. मी भांडले न्हाई. पेटी उचलली अन् निघून आले. आता मी ताडपत्र्या शिवते, हायवेवरच, अन् लोक काई म्हणत न्हाईत. भाव तेवढा इचारतात.

सही दिलीय. कागद सोबत हाय. आधारची झेरॉक्स पण टाकलीय, ती तू मागितली नव्हती पण लागती. माजी अट एकच. बापाला तू सांगायचं. माजं नाव घिऊन सांगायचं. मी निघून आले, तू निघून जायचं न्हाई अन् लपायचं पण न्हाई.

दसऱ्याआधी लई पाऊस झाला, गाळ्यात पाणी शिरलं का? मागची भिंत ओल धरती. नाणी तिकडं ठिऊ नको.

शाहीन

गेवराई, ३० ऑक्टोबर २०२५

फुफी,

पकडली गेले! पण तुमचं पत्र वाचून मला लाज कमी वाटली आणि हसू जास्त आलं. अम्मीला वाचून दाखवलं. "पेटी उचलली" इथं ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

गाळ्यात पाणी शिरलं होतं. टायरांच्या आत अजून साचलेलं आहे.

अब्बांना सांगितलं. घरात सांगायची हिंमत नव्हती म्हणून त्यांच्या टायर-पंक्चरच्या दुकानावर गेले. बायपासला वाळूच्या हायवा, ते मोठे टिपर, उभ्या असतात तिथं. अब्बा एका हायवाखाली जॅक लावत होते, ड्रायव्हर बाजूला चहा पीत होता. मी म्हणाले, "अब्बा, मला जीएसटी नंबर काढायचाय. नाण्यांच्या धंद्याला."

"काढ की," जॅक फिरवता फिरवता म्हणाले. "घरात बसून मोबाइलवर काय करायचं ते कर."

"घरात नाही. गाळ्यात. पाटी लावून."

हात थांबला. "कोन्त्या गाळ्यात?"

"शाहीन फुफीच्या."

फुफी, हे नाव मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच घेतलं. ड्रायव्हरनं सुद्धा कप खाली ठेवला.

"तिला कावून मधी घेतलीस?"

"गाळा तिचा आहे म्हणून. तिनं सही दिलीय."

"सही दिली?"

"दिली."

मग त्यांनी जे विचारलं ते ऐका. आधी ओरडले नाहीत. आधी विचारलं, "बरी हाय का?"

मी म्हणाले, बरी आहे, ताडपत्रीचं दुकान आहे, जोरात चालतं. त्यांनी मान हलवली आणि पाना उचलला. आणि मग मात्र सुरू झाले. "न्हाई म्हंजे न्हाई. दिवसभर ट्रकवाले, वाळूवाले, कोन कसा असतो कळतं का तुला? पोरीच्या जातीनं तिथं पाटी लावून बसायचं? कोन काय बोललं तर मी पाना घिऊन मागं लागू का?"

मी म्हणाले, "तेव्हाही तुम्ही फुफीला हेच म्हणाला होतात. ती सिरसाळ्यात हायवेवरच बसते. तिच्यामागं कुणी पाना घेऊन फिरत नाही."

पाना त्यांनी ट्रेमध्ये असा टाकला की कुत्री उठून पळाली. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. जेवणाचा डबा दुकानावर मागवतात. अम्मीला म्हणतात, "तिला सांग पाणी दे." मी शेजारीच उभी असते.

पण मी अर्ज भरला! वर्षाराणी मॅडमच्या ऑफिसात बसून भरला. बोटांचे ठसे दिले, फोटो दिला. धंद्याचं नाव काय, असं विचारल्यावर मी इकडं तिकडं बघत बसले, तर मॅडम म्हणाल्या, "स्वतःचं नाव घ्यायला लाजू नका." मग लिहिलं, लुबना कॉइन्स. जागेच्या मालकाच्या रकान्यात तुमचं नाव टाइप करताना मॅडमनी विचारलं, नातं काय? मी म्हणाले, फुफी. त्या म्हणाल्या, मराठीत सांगा. मी म्हणाले, आत्या. हा शब्द तुमच्यासाठी मी पहिल्यांदाच उच्चारला, आणि छान वाटला.

जागेची तपासणी लागलीय. कधी येतील ते सांगत नाहीत. गाळ्यात मात्र टायर आहेत, आणि कुलपाची चावी अब्बांच्या खिळ्यावर.

फुफी, आज सकाळी मी कणीक मळत होते. अम्मी आली, परातीशेजारी ती चावी ठेवली आणि कोथिंबीर निवडायला बसली.

उद्या कुलूप उघडते.

तुमची (खरं लिहिणारी) लुबना

गेवराई, १३ नोव्हेंबर २०२५

फुफी! फुफी! फुफी!

साहेब येऊन गेले! कुठून सुरू करू? टायरांपासून करते, कारण टायर काढल्याशिवाय काहीच झालं नसतं.

आधी लहान टायर काढले, ते सोपे गेले. पण मागं हायवाचे होते, माझ्या छातीएवढे, आत डासांचं पाणी. एक ओढायचा प्रयत्न केला तर तो माझ्यावरच आला. पायाला लागलं, थोडंसंच. मी तशीच ओढत राहिले. फरफटत, इंच इंच. रस्त्यापलीकडून अब्बा बघत होते हे मला माहीत होतं. मी वर बघितलं नाही.

तुम्हाला तुमचा भाऊ माझ्याहून जास्त माहीत आहे. त्याला सगळं सहन होतं, पण टायर कुणी चुकीचा हलवलेला सहन होत नाही! आले तरातरा रस्ता ओलांडून. "फरफटती काय गं? ते काय पोतं हाय का? उभा कर. काठाला हात घाल. आता गुडघ्यानं ढकल. गुडघ्यानं!" टायर उभा राहिला आणि पळायलाच लागला. तो त्यांनी धरला. मग दुसरा त्यांनीच काढला. मग तिसरा. माझ्याशी बोलत नव्हतेच, टायरांशी बोलत होते. "तू कवापासून पडलायस रे हितं... तुजं तर सगळं झिजलंय..." गाळा रिकामा झाल्यावर मधोमध उभं राहून मागच्या भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "ओल हाय." एवढंच. आणि गेले.

पुढचे दिवस आम्ही दोघी, मी आणि अम्मी, चुना लावत होतो. तुमचं ऐकून मागची भिंत मोकळी ठेवलीय. टेबल पुढं, लोखंडी कपाट डाव्या बाजूला, दोन खुर्च्या, एक भिंग.

काल दुपारी एक तरुण साहेब मोटारसायकलवर आले. हेल्मेट काढलं, मोबाइल काढला, विचारलं, "लुबना रहमतुल्ला कोण?" मी उभी राहिले. त्यांनी फोटो काढले, बाहेरून, आतून, मीटरचा. कपाट उघडायला सांगितलं. मी पाच रुपये काळ्या कापडावर मांडले आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी बघितलं आणि विसरलेच की ते कशाला आलेत! "ह्या कमानीत काहीतरी लिहिलंय," म्हणाले. मी ऐन दाखवला. साल वाचून दाखवलं. मग बाकीच्या चार नाण्यांवर अंगठा ठेवून त्यांनी स्वतः सालं वाचून बघितली, आणि दोन बरोबर आली!

तेवढ्यात दारात गर्दी झाली. गेवराईत सेल्स टॅक्सचे साहेब आले म्हटल्यावर दुसरं काय होणार, लोक अजून सेल्स टॅक्सच म्हणतात. पानवाला, वेल्डिंगवाला, दोन हायवांचे ड्रायव्हर. साहेबांनी कागद काढला आणि विचारलं, "जागा तुमची नाही ना? मालक कोण?"

मी तोंड उघडलं, पण आवाज मागून आला.

"माज्या भैनीचा गाळा हाय."

अब्बा. हात कोपरापर्यंत काळे, खांद्यावर फडकं. सगळ्यांच्या मधून पुढं आले. "शाहीन नाव. सिरसाळ्याला असती. आमच्या वडलांनी तिला दिलाय, तिच्याच नावावर हाय."

साहेब म्हणाले, "तुम्ही कोण?"

"तिचा भाऊ. ह्या पोरीचा बाप."

"तुमची काही हरकत?"

फुफी, ऐका. अब्बांनी फडक्याला हात पुसले, जे पुसले जात नव्हते, आणि म्हणाले, "माजी हरकत कशी असंल साहेब? गाळा माजा न्हाईच तर."

पानवाल्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. इतकी वर्षं त्या गाळ्याला सगळा बाजार रहमतुल्लाचा गाळा म्हणतो. आणि त्याच बाजारासमोर हे म्हणाले! मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडले नाही, टेबलाची कड धरून उभी राहिले.

साहेबांनी लिहून घेतलं. निघताना अब्बांनी त्यांना अडवलं आणि त्यांचा तो प्रश्न विचारलाच. "साहेब, पैशावर टॅक्स कसा काय, ते सांगून जा."

साहेब म्हणाले, "चाचा, जुना टायर विकलात तर तो टायर म्हणून विकता की रबर म्हणून?"

"चालत असंल तर टायर. न्हाई तर रबर."

"मग हा रुपया बाजारात चालतो का?"

अब्बांनी मान हलवली. "न्हाई."

"पण रबराच्या, म्हणजे नुसत्या चांदीच्या भावानंही जात नाही ना?"

"न्हाई. पोरगी चेहऱ्याचं देती म्हणतात."

चेहऱ्याचं! म्हणजे साखराबाईंचं बोलणं त्यांच्यापर्यंत गेलं होतं. म्हणजे ते सगळं ऐकत होते, इतके दिवस!

रात्री जेवायला घरी आले. "पाणी दे," म्हणाले. मला.

लुबना

गेवराई, २४ नोव्हेंबर २०२५

फुफी,

नंबर आला! मॅडमचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते आणि हातातली मेथी तिथंच विसरून आले. पंधरा आकडी-अक्षरी आहे, पाठ करून टाकलाय, तुम्ही विचारलंत तर झोपेतही सांगेन.

त्याच दिवशी साइटवर नंबर टाकला, कोचीला कळवलं. पाकीट भरताना मी आणि अम्मी दोघी नुसत्या गोंधळ घालत होतो. पाच रुपयांना पाच वेगळी पाकिटं, त्यावर पुठ्ठा, त्यावर पुन्हा पुठ्ठा. मग बिल काढलं. माझं पहिलं पक्कं बिल. वर लुबना कॉइन्स, खाली तुमच्या गाळ्याचा पत्ता. टॅक्सची ओळ आली तिथं मी थांबले. एवढीशी रक्कम, पण ती माझ्या हातानं सरकारात जाणार. अब्बा मागं उभे होते. म्हणाले, "किती गेला?" मी सांगितलं. म्हणाले, "जाऊ दे. इज्जतीचा हाय."

पाटीची गोष्ट अजून बाकी आहे. पप्पू पेंटरला मी सांगितलं होतं, छोटीशीच कर, दाराशेजारी. अब्बांनी त्याला रस्त्यातच गाठलं. "छोटी न्हाई. वर लागंल, पत्र्याच्या खाली. अन् नंबर मोठा काढ, हायवाच्या काचेतून वाचता आला पायजे." पप्पू म्हणाला, "चाचा, नंबर कोन वाचतंय?" अब्बा म्हणाले, "मी वाचतो की." अँगलची चौकट त्यांनी स्वतः वेल्डिंग करून दिली. तिरकी झालीय थोडी. कुणी काही म्हणत नाही.

कोचीचा निरोप आला की रुपये पोचले आणि ते खूश आहेत. आता त्यांना त्याच निजामाच्या आण्या-दोन आण्यांची लहान नाणी पाहिजेत. मी शोधायला लागलेय. सिरसाळ्याच्या बाजारात काही दिसली तर?

लुबना

गेवराई, ७ डिसेंबर २०२५, सकाळी

फुफी,

हे पत्र घाईत लिहितेय, पोस्टानं येणार नाही.

काल मी तुम्हाला पत्र लिहायला बसले होते. अब्बा बाजूला सायकलची ट्यूब बघत होते. म्हणाले, "शाहीनला लिहिती का?" मी हो म्हणाले. "पोस्टानं कावून? मी उद्या परळीला चाललोय. ट्यूबा आणायच्यात. सिरसाळा वाटंतच लागतं. देतो."

फुफी, ट्यूबा आम्ही बीडहून आणतो. परळीहून आजवर एक वॉल्व्हसुद्धा आणलेला नाही. अम्मीनं माझ्याकडं बघितलं, मी अम्मीकडं बघितलं. अम्मी लगेच उठून शेंगदाण्याची चटणी कुटायला लागली, म्हणाली रस्त्यात लागेल. डबाभर चटणी, एका माणसाला, रस्त्यात!

सकाळी सकाळी त्यांनी आंघोळ केली. नखांतलं काळं काढायला ब्रश घेऊन बसले होते. ईदचा पांढरा सदरा काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढून घातला. आत्ता दारात उभे आहेत आणि "झालं का गं, माजलगावची गाडी जाईल" म्हणून तिसऱ्यांदा ओरडतायत. मला इतका आनंद झालाय की अक्षर वाकडं येतंय.

पाकीट मी चिकटवून देतेय, म्हणजे ते वाचणार नाहीत. म्हणून तुम्हाला एकटीला सांगते. त्यांना बोलता येणार नाही. हवापाण्याचं बोलतील, ताडपत्रीचा भाव विचारतील, तुमच्या दुकानासमोरच्या ट्रकचा टायर कमी हवेचा आहे म्हणून सांगतील. तुम्ही त्यांना लगेच माफ करा असं मी म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही बघा, तो तुमचा हक्क आहे. भांडायचं असेल तर भांडा, तेव्हा राहिलंच होतं. पण भांडण आतमध्ये बसून करा.

कारण पत्र तुमच्या हातात दिल्यावर ते मागं सरकून उभे राहतील. तुमचं वाचून होईपर्यंत उंबऱ्याबाहेरच, उन्हात, हातात चटणीचा डबा घेऊन. कुणी म्हटल्याशिवाय आत येणार नाहीत.

वाचून झालं असेल तर वर बघा, फुफी. त्यांना आत बोलवा.

लुबना